शिळा ब्रेड आणि सुकवलेला ब्रेड: सावरडोच्या फ्रेंच टोस्टला नेमका कोणता लागतो?

फ्रेंच टोस्टची रेसिपी कुठलीही उघडा, पहिल्या दोन ओळींत ‘शिळा ब्रेड घ्या’ हे असतंच. साध्या सँडविच ब्रेडसाठी ही सूचना डोळे मिटून पाळली तरी भागतं. सावरडोला, म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाच्या, जाड कडेच्या आंबटसर ब्रेडला, ती अपुरी पडते, आणि हे मला चार जाडजूड स्लाइस वाया घालवून कळलं.

तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवलेला सावरडो होता. दाबून पाहिला तर चांगला टणक. म्हटलं, याहून शिळा आणखी कसा असणार? अंड्या-दुधात पाच मिनिटं बुडवला, लोण्यावर छान तांबूस भाजला आणि मधोमध कापला. आत बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा तसाच्या तसा! मिश्रण तिथवर पोचलंच नव्हतं. चावायला तो भाग रबरासारखा, त्याच्या वरचा-खालचा थर मात्र इतका गचगचीत की सुरीबरोबर सरकून आला. कडेबद्दल तर बोलायलाच नको, ती दातांत धरून ओढावी लागली.

भिजवायला वेळ कमी दिला, असं आधी वाटलं. पण घोळ वेगळाच होता. तो ब्रेड शिळा होता, सुकलेला नव्हता. हाताला दोन्ही कडकच लागतात, म्हणून आपण दोन्हींना एकच समजतो.

शिळेपण म्हणजे पाणी उडून जाणं, असा समज आहे. ज्याँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो 1852 मध्येच खोडून काढला. ब्रेडमधलं पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतोच, आणि तो पुन्हा गरम केला की मऊ पडतो, हे त्याने दाखवलं. म्हणजे पाणी ब्रेडमध्येच असतं. बदलतो तो स्टार्च.

ब्रेड भाजला जात असताना पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मऊ, चिकट खळ होते. ब्रेड निवायला लागला की हा स्टार्च पुन्हा आवळू लागतो. त्यातला अमायलोज हा भाग काही तासांतच घट्ट होतो. भट्टीतून नुकताच काढलेला ब्रेड कापताना सुरीला चिकटतो आणि निवल्यावर नीट कापला जातो, ते यामुळेच. दुसरा भाग अमायलोपेक्टिन. तो सावकाश, दिवसांच्या हिशोबाने, पुन्हा शिस्तीत रचला जातो, त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि ब्रेडचा गाभा टणक लागू लागतो. सोबत आणखी एक गोष्ट घडते. गाभ्यातलं थोडं पाणी कडेकडे सरकतं. त्यामुळे पहिल्या दिवशी कुरकुरीत असलेली कड तिसऱ्या दिवशी वातड होते. आत टणक, बाहेर वातड आणि तरी पिशवीत एक थेंब कमी झालेला नाही, हा खरा शिळा ब्रेड.

फ्रीजमध्ये ही क्रिया मंदावत नाही, उलट वेग घेते. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला हे स्फटिक सर्वांत पटकन तयार होतात. फ्रीजरमध्ये मात्र सगळं जवळजवळ थांबतं.

सुकवलेल्या ब्रेडची गोष्ट सरळ आहे. पाणी गेलं, बस. सावरडोच्या स्लाइसचं वजन साधारण 60 ग्रॅम धरलं, तर त्यात 22 ते 24 ग्रॅम पाणी असतं. त्यातलं आठ-दहा ग्रॅम घालवलं की तेवढी जागा रिकामी होते आणि अंड्या-दुधाला आत शिरायला वाव मिळतो. पिशवीतल्या शिळ्या स्लाइसमध्ये हीच जागा आधीच भरलेली असते. भरल्या घरात पाहुणे कुठे बसवायचे? शिवाय सुकताना गाभ्यातल्या भिंती ताठ होतात. मिश्रण प्यायल्यावरही त्या लगेच कोसळत नाहीत, त्यामुळे स्लाइस भिजतो पण लगदा होत नाही.

खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. एकाच ब्रेडचे दोन सारखे स्लाइस कापा. एक घट्ट पिशवीत, दुसरा जाळीवर उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी पिशवीतल्याच्या वजनात फरक जेमतेम दिसेल, जाळीवरचा मात्र स्पष्टपणे हलका झालेला असेल. आता दोन्ही मोडून पाहा. जाळीवरचा कट्कन तुटतो आणि भुगा सांडतो. पिशवीतला आधी वाकतो, मग अनिच्छेने फाटतो. एकदा हा फरक बोटांना कळला की पुढे काटा लागत नाही.

शिळा ब्रेड सुकवता येतो, हे या सगळ्यातलं सुख. आणि सुकवताना गंमत होते. शिळा स्लाइस गरम ओव्हनमध्ये ठेवला की तीन-चार मिनिटांत तो चक्क मऊ पडतो. सुकवायला ठेवला आणि ताजा झाला, हे काय, असं वाटून मी एकदा ट्रे बाहेरही काढला होता. पण घाबरायचं कारण नाही. अमायलोपेक्टिनचे स्फटिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळू लागतात, म्हणजे शिळेपण आधी उतरतं आणि मग पाणी उडायला लागतं. ट्रे तसाच राहू द्या. वातड ब्रेड टोस्टरमध्ये घातल्यावर पुन्हा बरा लागतो, त्यामागेही हेच आहे.

सँडविच ब्रेडला हा फरक एवढा का जाणवत नाही? कारण त्याचा गाभा नाजूक, छिद्रं बारीक आणि एकसारखी, कड म्हणजे नुसतं नावाला पापुद्र्यासारखं आवरण. दूध-अंडं कसंही करून आत जातंच. त्याची अडचण उलटी आहे, जास्त भिजला तर उचलताना तुटतो. बाजारातल्या अशा ब्रेडमध्ये बऱ्याचदा तेल, साखर आणि ब्रेड मऊ ठेवणारे घटकही असतात.

सावरडोत बहुतेक वेळा पीठ, पाणी आणि मीठ एवढंच. फुगवण्याचं काम हवेतल्या-पिठातल्या यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं. त्यांनी तयार केलेल्या आम्लांमुळे सावरडोला बुरशी उशिरा लागते आणि तो शिळाही तुलनेने हळू होतो. त्यामुळे ‘चार दिवसांचा आहे’ एवढ्यावरून सावरडोबद्दल काहीच ठरवता येत नाही. चार दिवसांनीही तो आतून ओलसर असू शकतो. गाभा चिवट, कड जाड, असा हा ब्रेड पुरेसा न सुकवता भिजवला तर माझ्यासारखा पांढरा पट्टा मिळणार हे ठरलेलं. नीट सुकवला तर मात्र त्याचा हाच चिवटपणा कामाला येतो. भरपूर मिश्रण पिऊनही तो आकार सोडत नाही.

(बुरशीचं एक सांगून टाकते. शिळा ब्रेड चालतो, बुरशीचा नाही. ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून उरलेला वापरू नका, बुरशीचे धागे गाभ्यात दिसत नसले तरी पसरलेले असतात. कडेवरची पांढरी पिठाची भुरभुर ही बुरशी नव्हे, बोटाने पुसली जाते.)

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. स्लाइस दोन सेंटीमीटर जाडीचे कापा. पातळ कापले तर सुकून नुसता खडखडीत टोस्ट होतो, तीन सेंटीमीटरच्या पुढे गेलात तर आतलं अंडं शिजेपर्यंत बाहेरचं करपतं. ब्रेड निवडायची मुभा असेल तर बारीक जाळीचा घ्या. मोठमोठ्या भोकांचा सावरडो फोटोत सुंदर दिसतो, पण त्यातून मिश्रण तव्यावर गळतं आणि टोस्टला ऑम्लेटची झालर लागते. घरात तसाच असेल तर ब्रेडच्या टोकाकडचे स्लाइस पाहा, तिथे भोकं बरेचदा लहान असतात.

सुकवायला ओव्हन 150 अंशांवर. स्लाइस जाळीवर मांडायचे, म्हणजे खालूनही हवा लागते. साधारण पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. रंग यायला नको. बोटाने दाबल्यावर वरचा थर कडक आणि मधला अगदी किंचित लवचिक लागला की काढायचे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर, काहीही न घालता, अगदी मंद आचेवर प्रत्येक बाजूने पाच-सहा मिनिटं. झाकण ठेवू नका, वाफ कोंडली की केलेलं सगळं फुकट. सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे रात्री स्लाइस कापून जाळीवर उघडे ठेवून झोपी जाणं. दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, तिथे सकाळी तवा घ्यावाच लागतो.

चार स्लाइसना तीन अंडी, 200 मिलिलिटर दूध, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स किंवा दालचिनी. मीठ विसरू नका. सावरडोचा आंबटपणा साखरेने झाकायला गेलात तर पदार्थ नुसता गुळमट होतो, मिठाने मात्र आंबट आणि गोड एकमेकांत बसतात. अंडी नीट फेटा, पांढऱ्याचे तार राहिले तर ते ब्रेडमध्ये शिरत नाहीत, वरच बसतात आणि तव्यावर पांढऱ्या चकत्या होऊन शिजतात. मी मिश्रण गाळूनच घेते. दूध कोमट असेल तर मुरायला मदत होते, पण गरम नको, अंडं शिजायला लागेल. सावरडोतल्या आम्लाने दूध फाटेल का, असं मला विचारलं जातं. भिजवण्याच्या वेळात तसं होत नाही, एवढ्या दुधासमोर स्लाइसमधलं आम्ल अगदीच थोडं असतं.

भिजवताना स्लाइस आधी कडेवर उभे करा. पसरट भांड्यात मिश्रण ओतून प्रत्येक स्लाइस खालच्या जाड कडेवर अर्धा-एक मिनिट टेकवून धरायचा आणि मगच आडवा करायचा. गाभा आपला आपण भिजतो, वेळ लागतो तो कडेला. आडवा केल्यावर प्रत्येक बाजूने तीन ते चार मिनिटं. झाला का, हे पाहायला बोटाने मध्यभागी हलकेच दाबा. सगळीकडे सारखा मऊ लागला, कुठेही गाठ जाणवली नाही, म्हणजे मुरला. मग उचलून काही क्षण निथळू द्या. घाई असेल तर कड कापून टाकायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर तसं करू नका, सावरडोच्या टोस्टची अर्धी चव त्या भाजक्या कडेत आहे.

आच मध्यमहून कमी. लोणी एकटं लवकर जळतं, त्यात चमचाभर तेल घाला. पहिली बाजू चार मिनिटं, दुसरी तीन-चार. दुधात मिसळलेलं अंडं निव्वळ अंड्यापेक्षा जास्त तापमानाला, सुमारे 80 अंशांच्या घरात, घट्ट होतं. म्हणून बाहेर रंग आला तरी आत कच्चं असू शकतं. दाबल्यावर ओला रस बाहेर आला तर 180 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा, किंवा तव्यावरच झाकण ठेवून आच आणखी कमी करा. इथे मात्र झाकण चालतं, शेवटचं एक मिनिट ते काढून कड पुन्हा कुरकुरीत करून घ्यायची.

शिळ्या-सुक्याचा हा गोंधळ बहुधा पदार्थाच्या नावातूनच आला असावा. फ्रेंच भाषेत याला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला, हातचा गेलेला ब्रेड. नाव ऐकून जितका टाकाऊ ब्रेड तितका चांगला टोस्ट, असं वाटणारच. तसं पाहिलं तर ताज्या ब्रेडचाही उत्तम फ्रेंच टोस्ट होतो. सकाळी आणलेला सावरडो कापून ओव्हनमध्ये सुकवला आणि चार दिवसांचा तसाच सुकवला, तर भिजवल्यावर कोणता कोणता होता हे ओळखणं कठीण जातं. म्हणून शिळा होण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

मी आता सावरडो आणला की त्याच दिवशी अर्धा भाग दोन सेंटीमीटरचे स्लाइस करून फ्रीजरमध्ये टाकते. हवे तेव्हा काढून, बर्फ वितळायची वाट न पाहता, थेट 150 अंशांच्या ओव्हनमध्ये. पंधराऐवजी वीस मिनिटं लागतात, इतकंच.