सी लिंकच्या फोटोत लाटा जातात कुठे?

वांद्र्याच्या किल्ल्यावरून काढलेले सी लिंकचे फोटो बघितले असतीलच, पाणी एकदम गुळगुळीत, खडकांभोवती धुकं, आणि बघणारा हमखास म्हणतो की एडिट केलंय. बऱ्याचदा काहीच केलेलं नसतं, शटर ३० सेकंद उघडं ठेवलेलं असतं एवढंच.

आपला डोळा कमी उजेडात फार तर सेकंदाच्या दहाव्या भागातला प्रकाश एकत्र करतो, म्हणून फुल स्पीडचा पंखा आपल्याला पात्यांऐवजी पुसट चकती दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर हेच ३० सेकंद करत बसतो. प्रत्येक पिक्सेल फक्त बेरीज ठेवतो, कुठला प्रकाश कधी आला याची नोंदच नाही. सहा सेकंदांनी एक लाट धरली तरी तेवढ्यात पाच लाटा येऊन जातात आणि उरते ती सरासरी. मग धुकं काठालाच का? तर लाट फुटते तिथे फेस होतो, तो काळ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परत फेकतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉड्समध्ये (किनाऱ्याला लावलेले काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) तो दोन-तीन सेकंदच टिकला तरी बेरजेत दिसतोच. उलट काळा शर्ट घालून चालत गेलेला माणूस गायब! फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला फ्रेंच संशोधक दगेर याचा पॅरिसच्या रस्त्याचा १८३८ चा फोटो असाच, रहदारीचा रस्ता पण रिकामा दिसतो, बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटलाय. गाड्यांचे हेडलाइट मात्र इतके प्रखर की क्षणभर पडले तरी रेघ ओढून जातात.

आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवून फोटो पटकन काढला तर? निघतो, पण दाणेदार. प्रकाश फोटॉनच्या सुट्ट्या कणांनी येतो, सरासरी १०० येत असतील तर साधारण १० इकडे-तिकडे होणारच, म्हणजे १० टक्के, १०,००० आले तर १००, म्हणजे फक्त १ टक्का. म्हणून आयएसओ १०० आणि ट्रायपॉड, आणि ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. वाळूत ट्रायपॉडचे पाय खचतात, खडक बघा. (भरतीची वेळ बघूनच खडकावर उतरा, पावसाळ्यात तर नकोच.)

उजेड जास्त असेल तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची काळसर काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश साधारण हजारपट कमी करतो, १/३० सेकंदाचं एक्स्पोजर थेट ३४ सेकंदांवर जातं. पण मजा सूर्य बुडाल्यावरच, तेव्हाचा गडद निळा रंग बराचसा वातावरणातल्या ओझोन वायूमुळे, तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो त्यामुळे हा खेळ वीसेक मिनिटांत आटपतो.

त्यात आपला उकाडा. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही चार्ज साठतो आणि लाल-निळे ठिपके येतात. ते काढायला कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो, लोकांना वाटतं हँग झाला. ३० सेकंदांच्या फोटोला पूर्ण मिनिट जातं, म्हणून मी तो ऑप्शन बंदच ठेवतो, शेवटी झाकण लावून एक काळी फ्रेम घेतो आणि वजाबाकी घरी येऊन करतो.