सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर परागकण आत कुठवर पोहोचतात?

पाऊस ओसरू लागला की कोल्हापुरात रंकाळ्याच्या परिसरापासून पंचगंगेकाठच्या बांधांपर्यंत गाजर गवत पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जाते, आणि ज्यांच्या सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना हमखास शंका येते की, आतली वाट आता मोठी झाली, तर हे परागकण थेट सायनसमध्ये जाऊन बसतील का? शंका रास्त आहे; उत्तर मात्र कण केवढा आहे यावर ठरते.

गाजर गवताचा परागकण साधारण 15 ते 20 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सूक्ष्मदर्शकाखाली तो अंगभर बारीक काटे असलेल्या चेंडूसारखा दिसतो. मक्याचा कण तर 80 ते 100 मायक्रॉनचा. श्वासाची हवा नाकपुडीतून वर चढते, अरुंद जागेतून वेगाने जाते आणि लगेच मागे घशाकडे वळते. हवा वळते, पण जड कणाला ते वळण साधत नाही, तो समोरच्या ओलसर भिंतीवर आदळून चिकटतो. म्हणून 10 मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाकातच अडकतात, आणि शस्त्रक्रियेने यात फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो बारीक कणांबाबत. गालाच्या हाडातील सायनसचे मूळ तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे आणि आकड्यासारख्या पातळ हाडाआड लपलेले असते. शस्त्रक्रियेत ते हाड काढून तोंड रुंद करतात, त्यामुळे काही मायक्रॉनचे कण आत शिरू शकतात. मुख्य झोत बाजूनेच निघून जात असल्याने त्यांचे प्रमाण तरीही थोडेच राहते. पण खऱ्या गवतांचे (गाजर गवत त्यांतले नव्हे) परागकण पावसात भिजून फुटतात आणि त्यांतून तीन मायक्रॉनहूनही लहान, ॲलर्जी उत्पन्न करणारी कणिका बाहेर पडते. माझ्या मते खरी काळजी तिची करावी.

आत बसलेले कण बाहेर काढण्याचे काम सायनसच्या अस्तरावरील सूक्ष्म केस करतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते श्लेष्म्याचा थर मूळ तोंडाकडेच ढकलतात, मग ते तोंड उंचावर का असेना. ऑस्ट्रियातील ग्राझचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी हे मार्ग बारकाईने अभ्यासले, आणि म्हणूनच आज दुसरीकडे भोक न पाडता मूळ तोंडच रुंद केले जाते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे अस्तर सुजलेले असते, खपल्या धरतात आणि ही वाहतूक मंदावते. त्या काळात आलेला कण अधिक वेळ आत रेंगाळतो. शिवाय शरीराची ॲलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला स्प्रे आपल्या मनाने बंद करू नये.

रुंद झालेल्या तोंडाचा एक मोठा लाभ मात्र आहे: मिठाच्या पाण्याने नाक धुतले की ते आता सायनसच्या आतपर्यंत पोहोचते. पाणी उकळून गार केलेलेच हवे. सकाळी नाक धुतलेला माणूस तासाभराने चप्पल घालायला वाकतो आणि नाकातून अचानक पाण्याची धार लागते; ते पाणी तोवर गालाच्या पोकळीत साठून राहिलेले असते.