पुयी-फ्युमे की पुयी-फ्युइसे?

पुण्यात कुणी 'वडगावला जायचंय' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: शेरी, बुद्रुक की मावळ? फ्रान्समधल्या 'पुयी'चंही तसंच आहे, फक्त वाइनच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी मावसभावाला पुयी-फ्युमे आणायला सांगितली होती, त्याने पुयी-फ्युइसे आणली. वर म्हणे, "अगं, पुयी लिहिलंय ना, मग झालं!"

नाही झालं. दोन्ही वाइन पांढऱ्या, नावाचं पहिलं अक्षरही तेच, पण दोन्ही मुलखांत सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचं अंतर आहे आणि द्राक्षही वेगळं. घोळ वाढतो तो लेबलमुळे. फ्रेंच बाटलीवर बहुतेक वेळा जागेचं नाव असतं, द्राक्षाचं नाही. द्राक्ष कोणतं ते आपल्याला माहीत असायला हवं, असं गृहीतच धरलेलं.

तर पुयी-फ्युमे म्हणजे ल्वार नदीकाठचं पुयी. द्राक्ष सोव्हिन्यों ब्लां, जे नाशिककडेही लावलं जातं, त्यामुळे तो लिंबाचा, हिरव्या गवताचा आंबट-ताजेपणा आपल्याकडच्या काहींच्या जिभेला ओळखीचा असेल. 'फ्युमे' म्हणजे धुरकट. म्हणून ही वाइन धुरी देऊन करतात असा समज होतो, तो चूक. कुणी म्हणतं, पिकलेल्या द्राक्षावर राखाडी लव दिसते म्हणून हे नाव पडलं. कुणी बोट दाखवतं इथल्या जमिनीतल्या चकमकीच्या दगडाकडे. दोन गारगोट्या एकमेकींवर घासून नाकाशी धरल्या तर जो जळका वास येतो, तोच पेल्यात शोधायचा. मला तो दुसऱ्या घोटाला सापडतो, पहिल्याला कधीच नाही. नदीपलीकडे सांसेर गाव आहे आणि शाव्हिन्योलचं शेळीच्या दुधाचं चीज, मुठीत मावेल एवढं. ताजं असताना भुसभुशीत, मुरलं की टणक. फ्युमेबरोबर दुसरं काही नसलं तरी चालतं.

याच गावात 'पुयी-स्युर-ल्वार' नावाचीही एक वाइन निघते, शास्ला नावाच्या तिसऱ्याच द्राक्षाची. एका गावाच्या दोन वाइन आणि दोन द्राक्षं! मावसभावाला हे अजून सांगितलेलं नाही.

फ्युइसेचा मुलूख दक्षिण बर्गंडीत, माकों शहराजवळ. द्राक्ष शार्दोने, जमीन चुनखडीची. पुष्कळदा ओकच्या पिंपात मुरवलेली, म्हणून अंगाने भरदार. २०२० च्या हंगामापासून इथल्या २२ मळ्यांना 'प्रमिए क्रू' हा वरचा दर्जा मिळाला.

पण वाइनपेक्षा मला तिथला कडा जास्त आवडतो. सोल्युत्रेचा हा सुळका ४९३ मीटर उंचीचा, द्राक्षमळ्यांच्या मधून एकदम वर उसळलेला, जहाजाच्या नाळेसारखा. १८६६ पासून त्याच्या पायथ्याशी उत्खनन झालं आणि घोड्यांच्या हाडांचे थरच्या थर निघाले. अश्मयुगातले शिकारी घोड्यांचे कळप कड्यावरून खाली हाकलत, ही गोष्ट मग घरोघरी पोचली. तिचं मूळ उत्खनन करणाऱ्यांपैकीच एकाने १८७२ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत आहे! संशोधकांनी ती केव्हाच बाजूला ठेवली: हाडं कड्याच्या थेट खाली नाहीत. घोडे दरवर्षी इथून ये-जा करत आणि पायथ्याशीच मारले जात. त्या काळच्या एका संस्कृतीला या गावावरून 'सोल्युत्रियन' नाव पडलं. तिची ओळख म्हणजे झाडाच्या पानासारखी पातळ घडवलेली दगडी पाती, तीही चकमकीची. चकमक दोन्ही पुयींत निघाली म्हणायची, एकीकडे पेल्यात आणि दुसरीकडे हत्यारात.

दोन्ही मुलखांशी नातं असलेला एक माणूसही आहे, फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ. त्यांचं राजकारण निएव्र जिल्ह्यातलं, म्हणजे फ्युमेवाल्या पुयीच्या जिल्ह्यातलं. पण दरवर्षी पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला घरचे आणि मित्र घेऊन ते चढायचे सोल्युत्रेचा कडा.

आणखी एक गंमत. आजच्या नकाशात दोन्ही पुयी एकाच प्रशासकीय प्रदेशात येतात, बर्गंडी-फ्रांश-कोंते. तरीही फ्युमे 'ल्वारची' मानली जाते आणि फ्युइसे 'बर्गंडीची'. त्यामुळे नुसतं 'बर्गंडीतली पुयी' म्हणूनही भागत नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या बाटलीवर 'फ्युमे ब्लां' दिसलं तर ती ल्वारकाठच्या पुयीतली नव्हे. तिकडे सोव्हिन्यों ब्लांला दिलेलं ते विक्रीचं नाव.

फ्युइसेकडच्या सोन नदीपलीकडे ब्रेसचा मुलूख, तिथली कोंबडी प्रसिद्ध: पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, थेट फ्रेंच झेंड्याचे रंग. सायीच्या रश्श्यात शिजवलेल्या या कोंबडीबरोबर फ्युइसे शोभते. तळलेल्या पापलेटबरोबर मला फ्युमेच हवी होती. आणलेली फ्युइसे शेवटी मलई चिकनबरोबर उघडली, आणि मावसभावाने तिसरा पेला भरताना विचारलं, "मग, हीच सांगितली होतीस ना?"