बोट आग्वादपाशी का वळवतो? (आमच्या गिऱ्हाइकांसाठी थोडी माहिती)

पणजीहून बोट सुटली की अर्ध्या वाटेत कोणीतरी विचारतंच, दादा अजून थोडं बाहेर समुद्रात न्या ना. आम्ही नेत नाही, आणि त्याचं कारण तेच आहे ज्याच्यासाठी वर आग्वादच्या किल्ल्यात दीपगृह बांधलं.

मांडवी नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, पण दांड्यावर लाट उभी राहते आणि फुटते, आमचा तांडेल (बोट चालवणारा) लांबूनच तो पांढरा फेस बघून सुकाणू फिरवतो. पावसात तर विचारूच नका, पूर्वी मोठी जहाजं सुद्धा पावसाळ्यात मांडवी सोडून मुरगावच्या बंदरात जायची. म्हणून जूनपासून आमच्या ट्रिपा बंद, कितीही पैसे देतो म्हणालात तरी.

बाहेर जाताना उजव्या हाताला आग्वाद, डावीकडे काबो जिथे आता राज्यपालांचं निवासस्थान आहे. किल्ला १६१२ चा, पोर्तुगीजांचा. आग्वाद हे नाव पाण्यावरून पडलं, कारण लिस्बनहून महिनोन्महिने समुद्रात काढून आलेली जहाजं इथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून घ्यायची. पाण्याची केवढी मोठी टाकी आहे ती वर जाऊन नक्की बघा, वरून नुसतं सपाट अंगण वाटतं आणि खाली खांबांवर उभी टाकी!

त्याच अंगणाच्या कडेला तो गोल पांढरा चार मजली मनोरा, १८६४ चा, सुरुवातीला तेलाच्या दिव्यावर चालायचा. आग्वादला एक मोठी घंटा पण होती, जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चची. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेली, आज पणजीत जी ऐकू येते ना, तीच ही. आमच्या जेटीवर कधी कधी वाऱ्याबरोबर तिचा आवाज येतो, तेव्हा मी तरी हातातलं काम थांबवतो.

१९७६ मध्ये जुना मनोरा बंद झाला, जवळच नवीन दीपगृह आलं. त्यामुळे संध्याकाळच्या ट्रिपला जुन्या मनोऱ्यात उजेड शोधत बसू नका, बरेच जण मोबाईल तिकडेच धरून बसतात आणि बाजूला नव्याचा झोत फिरून पण जातो. बोट वळताना इंजिन जरा हळू करतो, तेव्हा उजव्या बाजूला बसा पण सगळे एकदम उठून एकाच बाजूला येऊ नका, आणि लाईफ जॅकेट काढू नका प्लीज.