देवळालीचा तळ आणि मेंदूतल्या गाठी

परदेशाहून आलेल्या माणसाला अचानक फिट आली, तर नाशिकमध्ये आज एमआरआय लगेच होतो. पण ‘कुठे राहिलात आणि कधी?’ हे आधी विचारायला हवं. या प्रश्नाचं मोल वैद्यकाला कळलं ते आपल्याकडून मायदेशी गेलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे.

१८६१मध्ये नाशिकजवळच्या देवळालीला लष्करी तळ उभा राहिला. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले सैनिक बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने काढत. असे परतलेले काही जण, इथे असताना धडधाकट, पुढे फिट येऊन पडू लागले. अपस्माराचा शिक्का बसे, सैन्यातून नाव कमी होई. १९३०च्या दशकात लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी या रुग्णांचा माग काढला. काहींच्या कातडीखाली गाठी होत्या. एक्स-रेमध्ये स्नायूंत तांदळाच्या दाण्यांसारखे चुनखडी ठिपके दिसत. डुकरातल्या फीतकृमीच्या अळ्या स्नायूंत शिरल्या होत्या, तशाच मेंदूतही. १९६१मध्ये डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांनी हिंदुस्थानात नोकरी केली होती. संसर्ग आणि पहिलं लक्षण यांत सरासरी ५ वर्षांच्या आसपास अंतर होतं, काहींमध्ये कितीतरी जास्त.

मला या अभ्यासातलं हे अंतरच सर्वांत मोलाचं वाटतं. गेल्या महिन्याचा प्रवास विचारून इथे भागत नाही.

सीटी स्कॅन आल्यावर भारतात मेंदूतल्या अशा लहान गाठी बहुधा क्षयाच्या समजल्या जात आणि टीबीची औषधं सुरू होत. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या काढून तपासल्या, तेव्हा अनेक गाठी अळ्यांच्या निघाल्या. हे १९८९मध्ये प्रसिद्ध झालं. ‘आम्ही तर शाकाहारी’ असं घरचे म्हणतात, आणि ते खरंही असतं. डुकराचं कच्चं मांस खाऊन कृमी होतो तो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातांवर येतात.

मेंदूतल्या अळ्यांचं हे निदान इथे इतकं ओळखीचं झालंय की आफ्रिकेतून परतलेल्या रुग्णाच्या फिटलाही तेच नाव पटकन चिकटू शकतं. सोबत ताप, असंबद्ध बडबड, ग्लानी असेल तर आधी फाल्सिपेरम हा जीवघेणा मलेरिया शोधावा लागतो. तिथे हिशेब वर्षांचा नसून तासांचा असतो. रक्ताची काचपट्टी त्याच दिवशी बघतात, निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांत पुन्हा, आणि मलेरिया ठरला की शिरेतून आर्टेसुनेट हे औषध लगेच सुरू करतात.