परराज्यातून दत्तक बाळ घरी आणताना: कोणता कागद कधी हाती येतो आणि अर्ज कोठे अडतो

दत्तक घेण्यासाठी नोंदणी करून काही वर्षे वाट पाहिलेल्या दांपत्याला अखेर ज्या बाळाचा प्रस्ताव येतो, ते बाळ हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या संस्थेत असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नोंदणीची व्यवस्था देशभरासाठी एकच असून ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, चालवते. तिला बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि दत्तक विनियम, २०२२ यांचा आधार आहे. अर्ज भरणे त्या मानाने सोपे आहे. माणसे अडतात ती जुळणीच्या, म्हणजे बाळ व पालक यांची सांगड घालण्याच्या, तारखांवर, नावांतल्या तफावतींवर आणि बाळ कुशीत आले तरी त्याचा आपल्या नावाचा एकही दाखला हाती नसतो, त्या मधल्या दिवसांत.

आधी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. ‘नवजात बाळच हवे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु कायदेशीर मार्गाने चार दिवसांचे बाळ घरी येत नाही. आई-वडिलांनी बाल कल्याण समितीपुढे बाळाचा त्याग केला असेल, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. टाकून दिलेल्या, दोन वर्षांखालील बाळाच्या बाबतीत पालकांचा शोध घेऊन ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे जाहीर करण्यास कायद्याने दोन महिने दिलेले आहेत. त्यापुढे जुळणीची प्रक्रिया असते. म्हणून ‘इस्पितळातून थेट बाळ देतो, कागद मागाहून करू’ असे कोणी, मग तो डॉक्टर असो वा नात्यातला मध्यस्थ, सांगत असेल तर तेथूनच परत फिरावे. विहित प्रक्रिया डावलून बाळ देणे वा घेणे याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि बाळाची खरेदी-विक्री झाल्यास कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. या वाटेने आणलेले बाळ पुढे काढूनही घेतले जाते. ते पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पात्रतेचे नियम थोडक्यात असे: दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षांचे व स्थिर असावे आणि दोघांची संमती असावी. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही. बाळ व पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर हवे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा आणि एकट्या पालकाचे वय ४० पेक्षा जास्त नसावे. ‘आमच्यातल्या एकाचेच वय जास्त आहे’ हा युक्तिवाद येथे चालत नाही. बेरीज ती बेरीज. घरात आधीच दोन किंवा अधिक मुले असतील, तर सर्वसाधारण, म्हणजे विशेष गरजा नसलेल्या, बाळाचा प्रस्ताव येत नाही.

कागदपत्रांपैकी छायाचित्र, पॅन कार्ड, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, परिचितांची दोन शिफारसपत्रे यांवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. खरी अडचण तीन ठिकाणी येते. पहिली विवाह नोंदणी दाखल्याची. पंधरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेक दांपत्यांकडे लग्नपत्रिका असते, अल्बम असतो, दाखला मात्र नसतो. तो दत्तक नोंदणीच्या आधीच काढून ठेवावा, कारण नोंदणीनंतर कागद अपलोड करण्यास तीसच दिवस मिळतात. दुसरी अडचण आपल्याकडच्या चालीरीतीतून येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाईंचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर पहिल्या नावापुढे वडिलांचे नाव आणि सासरचे आडनाव, असे तीन कागद तीन वेगळ्या स्त्रियांचे वाटावेत इतके निराळे असतात. लग्नानंतर पहिले नावही बदलले असेल तर विचारूच नका. आपल्या गावच्या कारकुनाला ही रीत ठाऊक असते; दूरच्या राज्यातील दत्तक समितीला, म्हणजे बाळाच्या संस्थेत कागद तपासून निर्णय देणाऱ्या समितीला, ती ठाऊक असेलच असे नाही, आणि तसे तिने का असावे? त्यामुळे नावातील बदलाचे राजपत्र काढून आधार व पॅन एकसारखे करून घ्यावेत. तिसरा कागद वैद्यकीय दाखल्याचा. डॉक्टर सवयीने ‘तंदुरुस्त आहेत’ एवढेच लिहून सही करतात. अर्जदारांना दीर्घकालीन, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नाही आणि ते मूल दत्तक घेण्यास योग्य आहेत, असा स्पष्ट मजकूर त्यात लागतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो लपवण्याऐवजी नियंत्रणात असल्याचे लिहून घेतलेले बरे.

कागद पूर्ण झाल्यावर समाजकार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो. हा अहवाल तीन वर्षेच वैध असतो. प्रतीक्षा त्याहून लांबते आणि अहवाल केव्हा शिळा झाला हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. प्रस्ताव तोंडावर आला असताना नव्या गृहभेटीसाठी धावपळ करणारी दांपत्ये पाहिली, की ‘कारा’च्या नोंदणी-पोर्टलने ही आठवण ठळक अक्षरांत का करून देऊ नये, असा प्रश्न पडतो.

प्रस्ताव आला की दोन घड्याळे सुरू होतात आणि लोक दोन्ही चुकीची वाचतात. ‘हे बाळ आम्हाला हवे’ असे कळवून ते राखून ठेवण्यासाठी ४८ तास मिळतात. ते तास आहेत, कामाचे दोन दिवस नव्हेत. शनिवारी संध्याकाळी आलेला संदेश सोमवारी कचेरी उघडल्यावर पाहू म्हणणाऱ्याची, एकूण मिळणाऱ्या तीन प्रस्तावांपैकी, एक संधी खर्ची पडते. त्यामुळे नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक बदलू नये. दुसरे घड्याळ तीस दिवसांचे असून ते राखून ठेवल्याच्या तारखेपासून मोजले जाते, संस्थेत पोहोचल्याच्या दिवसापासून नव्हे. या तीस दिवसांत प्रवास, बाळाची भेट, हवी असल्यास आपल्या डॉक्टरकडून वैद्यकीय अहवालाची छाननी, दत्तक समितीची बैठक आणि स्वीकृतीच्या सह्या, एवढे सगळे बसवावे लागते. तिकिटे काढण्यापूर्वी समितीची बैठक कोणत्या दिवशी आहे, हे संस्थेला फोन करून विचारावे. नाहीतर बाळ पाहून आठवडाभर लॉजवर बसण्याची पाळी येते. मूळ कागदपत्रे सोबत न्यावीत, पती-पत्नी दोघांनीही जावे आणि हमीपत्रासाठी मुद्रांक कागद कोठला व किती रुपयांचा चालेल, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

स्वीकृतीनंतर दहा दिवसांच्या आत बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी ताब्यात मिळू शकते. दत्तकाचा आदेश मात्र तेव्हा झालेला नसतो. १ सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि तेही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तेथले. आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालून काही होत नाही. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढावा, असे कायदा सांगतो. आदेशाआधी जन्मदाखला मिळत नाही आणि नेमका तोच परतीच्या प्रवासात मागितला जातो.

विमानतळावरच्या खिडकीपाशी हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. अडीच महिन्यांची मुलगी नव्या आईच्या खांद्यावर झोपलेली, वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाइल, आणि पलीकडचा कर्मचारी शांतपणे पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, ‘बाळाच्या वयाचा पुरावा?’ फाइलमध्ये बाळाचे नाव संस्थेने ठेवलेले होते, तिकिटावर आई-वडिलांनी ठरवलेले. दोन्ही नावे एकाच बाळाची आहेत हे सांगणारा कागद नव्हता. अखेर संस्थेतून फोनवर पत्र मागवून, वरिष्ठांना दाखवून काम झाले. तोवर मुलगी जागी होऊन रडू लागली होती आणि दुधाची बाटली सामानासोबत पुढे गेली होती.

यावर उपाय साधा आहे, पण तो संस्थेतून निघण्यापूर्वी करावा लागतो. बाळाचे संस्थेतील नाव, जन्मतारीख (टाकून दिलेल्या बाळाची ती बहुधा अंदाजे असते), दोन्ही पालकांची नावे, ओळखपत्रांचे क्रमांक आणि बाळ कोठून कोठे नेले जात आहे, हे सारे एकाच पत्रात शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. सोबत बाल कल्याण समितीच्या आदेशाची, बालक अध्ययन अहवालाची (संस्थेने बाळाविषयी तयार केलेल्या माहितीची) व वैद्यकीय अहवालाची प्रत आणि लसीकरणाचे कार्ड ठेवावे. तिकीट संस्थेतील नावानेच काढावे. लाडाचे नाव घरी गेल्यावर हाक मारायला आहेच. हे पत्र वयाचा पुरावा म्हणून चालेल का, हे विमान कंपनीला आधी विचारून उत्तर लेखी घ्यावे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही, म्हणून अनेक जण तो मार्ग पत्करतात. पण फलाटावर पोलिसांनी चौकशी केली तर हीच फाइल लागते, आणि ती चौकशी बाळांच्या भल्यासाठीच असते, तेव्हा चिडू नये. जाता जाता संस्थेतल्या मावशींना दूध कोणते, किती चमचे आणि कोणत्या वेळेला, हेही विचारून घ्यावे. ते कोणत्याही अहवालात नसते.

घरी आल्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाठपुराव्याची भेट होते. ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त देणगी मागण्याचा संस्थेला अधिकार नाही आणि दत्तकपत्राची नोंदणी करण्याचीही सक्ती नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आदेशाच्या मसुद्यात मात्र स्वतः लक्ष घालावे. जन्मदाखला या आदेशावरूनच तयार होतो. दत्तक पालकांची नावे आई-वडील म्हणून घालून तो पाच दिवसांत द्यावा, असा नियम आहे, परंतु आदेशात आडनावाचे एक अक्षर चुकले तर तीच चूक दाखल्यात, मग आधारमध्ये आणि पुढे शाळेत उतरते. आपली नावे इंग्रजी व देवनागरी अशा दोन्ही लिपींत, आधारवर आहेत तशीच टंकलिखित करून संस्थेला आधीच द्यावीत, कारण दुरुस्तीचा अर्ज पुन्हा त्याच दूरच्या जिल्ह्यात करावा लागतो.