पीएम २.५ मध्ये नेमके काय असते? रासायनिक चाचणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. गच्चीवरच्या सेन्सरने ते ९० मायक्रोग्रॅम दाखवले की हवा वाईट आहे एवढे कळते. आपल्याकडे मानक २४ तासांसाठी ६० आणि वार्षिक सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पण हा धूर बेकरीच्या लाकडाच्या भट्टीचा, रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांचा की मागच्या प्लॉटवर रात्री पेटणाऱ्या कचऱ्याचा, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यात सकाळच्या दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि लेझरचा सेन्सर जास्तच आकडा दाखवतो. धूर कुणाचा हे शोधायचे तर कण फिल्टरवर गोळा करून तपासावेच लागतात.

ज्वलनातून थेट बाहेर पडणाऱ्या कणांत मुख्यतः कार्बन असतो. काळी काजळी म्हणजे मूलद्रव्यरूपी कार्बन. जुनी डिझेल इंजिने आणि जनरेटर यांच्या धुरात तिचा वाटा मोठा. ओले लाकूड धुमसते तेव्हा मात्र सेंद्रिय कार्बन कितीतरी जास्त निघतो. उरलेला मोठा भाग धुराड्यातून कण म्हणून येतच नाही. गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू हवेत अमोनियाशी मिळून सल्फेट व नायट्रेटचे क्षार बनवतात. हा भाग कित्येक किलोमीटरवरूनही येतो, म्हणून त्याचा दोष शेजाऱ्यावर टाकू नये.

स्रोत ओळखायला खुणेची रसायने लागतात. सेल्युलोज जळले की लेव्होग्लुकोसान तयार होते. लाकूड, पालापाचोळा, पुठ्ठा यांच्या धुरात ते सापडते; गॅस किंवा डिझेलच्या धुरात नाही. विद्राव्य पोटॅशियमही लाकडाची खूण मानतात, पण फटाक्यांतही पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात घेतलेला नमुना या कामाचा नाही. होपेन्स नावाची सेंद्रिय रसायने इंजिन ऑइलमधून येतात, म्हणून ती गाड्यांच्या धुराची खूण. क्लोराइड पीव्हीसी प्लास्टिक जळल्यावर वाढते, मात्र मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात ते समुद्राच्या मिठातूनही येते. म्हणून आम्ही सोबत सोडियमही मोजतो: समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सोडियमच्या सुमारे १.८ पट असते. गुणोत्तर याहून स्पष्टपणे जास्त आले तर कचरा किंवा कोळसा यांचा संशय घ्यायला आधार मिळतो.

एका जागेसाठी आम्ही दोन फिल्टर शेजारी शेजारी का लावतो, हा प्रश्न नेहमी येतो. टेफ्लॉनच्या फिल्टरवर वजन आणि धातू नीट मोजता येतात, पण टेफ्लॉनमध्येच कार्बन असल्यामुळे कार्बनची चाचणी त्यावर होत नाही. कार्बनच्या चाचणीत फिल्टर तापवावा लागतो आणि क्वार्ट्झ ती उष्णता सहन करते, म्हणून कार्बन त्यावर मोजतो. पण क्वार्ट्झ म्हणजेच सिलिका, तेव्हा धुळीतले सिलिकॉन तिथे मोजता येत नाही. एका फिल्टरचे पैसे वाचवले तर अर्धा अहवाल कोरा राहतो.

पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम कण जमतात. एवढ्याशा वजनात बोटाचा एक ठसाही चूक घालतो, म्हणून फिल्टरची बंद डबी (कॅसेट) उघडू नका. नमुना उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिला तर अमोनियम नायट्रेट उडून जाते आणि थंडीतला नमुना खोटाच स्वच्छ दिसतो. तो बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी पोहोचवा. क्वार्ट्झ हवेतली सेंद्रिय वाफही शोषते. ती वजा करण्यासाठी नमुन्याच्या टेफ्लॉनमागे आणखी एक क्वार्ट्झ फिल्टर लावतो; कण टेफ्लॉनवरच अडतात, मागे फक्त वाफ पोहोचते. हाताळणीतली चूक पकडायला पंप न चालवलेला एक कोरा फिल्टरही सोबत येतो. तो फेकू नका.

मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर लाकडाच्या भट्टीवरून गॅसवर किंवा विजेवर जाणाऱ्या बेकरीमालकांनी भट्टी बदलण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच जागी व त्याच ऋतूत नमुना घ्यावा. पावसाळ्यातल्या नमुन्याशी डिसेंबरच्या नमुन्याची तुलना करण्यात अर्थ नाही. लेव्होग्लुकोसान शेकोटीतूनही येते, म्हणून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूलाही एक पंप हवा.

नमुना चालू असताना वहीत वेळेसह नोंद ठेवा: जनरेटर केव्हा चालला, कचरा केव्हा पेटला, वारा कुठून होता, वीज किती वेळ गेली. वीज गेल्याची नोंद नसेल तर ओढलेल्या हवेचा हिशोब चुकतो आणि अहवालातला प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात कमी दिसतो.